पांढऱ्याचे काय झाले?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमच्याकडे काही मंडळी जेवायला आली होती. फराळाचा सगळ्यांनाच कंटाळा आलेला असल्यामुळे जेवणाच्या शेवटी मी भाचीने बँकॉकहून आणलेला फॉय थाँगचा डबा उघडला. केशरी-पिवळ्या, ओलसर चकाकणाऱ्या तंतूंच्या छोट्या छोट्या लडी त्यात एकाशेजारी एक मांडलेल्या होत्या. ‘शेवया का गं?’ असे विचारत मावशींनी एक लड उचलली आणि त्या अंड्याच्या आहेत हे कळताच हसत हसत शेजारच्या बशीत सरकवली. तोपर्यंत एका परिचित गृहस्थांनी खिशातून फोन काढून चश्मा कपाळावर चढवला होता. मिनिटभराने त्यांनी निकाल दिला, ‘अहो, हे थाई नाहीच मुळी. पोर्तुगीजांचं आहे. ह्यांचं स्वतःचं काही नाही यात.’ आणि एवढे बोलून त्यांनी दुसरी लड घेतली. सगळे हसले, मीही हसले, कॉफी झाली, मंडळी गेली. पण ते ‘ह्यांचं स्वतःचं काही नाही’ मात्र भांडी आवरतानाही माझ्या डोक्यातून जाईना. त्यांनी दिलेली माहिती खोटी नव्हती, तरीही तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला कुठेतरी अन्यायाचा वाटत राहिला, आणि तो का वाटतो हे तेव्हा मला नीट सांगता आले नसते.

हा पदार्थ ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगते की त्यात अंड्याचा पिवळा बलक आणि साखरेचा पाक यांखेरीज जवळजवळ काहीच नसते. बलक फडक्यातून गाळून घ्यायचा, म्हणजे त्यावरची पातळ पारदर्शक साय मागे राहते. मग बारीक छिद्राच्या भांड्यातून तो उकळत्या पाकावर गोल गोल फिरवत सोडायचा. धार पाकाला टेकली की क्षणात शिजते आणि तिचा तंतू होतो. ऐकायला सोपे वाटणारे हे काम हाताची परीक्षा पाहते, कारण सगळा खेळ पाकाचा आहे. पाक पातळ राहिला तर तंतू फुगून विस्कटतात, घट्ट झाला तर धार आत उतरतच नाही आणि वरच गुठळी धरते. दिवाळीत रव्याच्या लाडवांचा पाक बिघडून ज्यांनी रात्री अकरा वाजता कपाळाला हात लावला आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. चवीला प्रथम नुसती गोडी लागते, इतकी की दात शिवशिवतात. त्यामागून बलकाचा स्निग्ध, किंचित खारटपणाकडे झुकणारा जडपणा येतो. थायलंडमध्ये त्यासाठी बदकाची अंडी आवर्जून वापरतात, कारण त्यांचा बलक गडद आणि अधिक स्निग्ध असतो, आणि पाकाच्या पाण्याला मोगऱ्याचा वास लावतात. तो वास डबा उघडल्यावर आधी आला होता आणि मावशींनी लड खाली ठेवल्यानंतरही त्यांच्या बोटांना राहिला असणार.

तर पोर्तुगीज. गृहस्थांचे म्हणणे खरे धरून मी त्यांच्या वाटेने मागे गेले, तेव्हा पहिल्यांदा भेटल्या त्या तिथल्या ख्रिस्ती मठांतल्या जोगिणी. पंधराव्या शतकात मदेरा बेटावर ऊस पिकू लागला आणि पुढे ब्राझीलमधून साखरेच्या राशी लिस्बनला उतरू लागल्या. एरवी औषधासारखी तोळ्यामाशाने वापरली जाणारी साखर श्रीमंत मठांच्या कोठारात पोत्यांनी आली. अंडीही भरपूर होती. पण त्यांचा पांढरा भाग दुसऱ्याच कामांना लागे: कपड्यांना खळ करायला, वाइन नितळ करायला. उरलेल्या बलकांचे काय करायचे या प्रश्नातून तिथल्या मिठायांचे एक अख्खे घराणे जन्माला आले, असे सांगतात. त्यांची नावे तर अशी की मठातल्या थट्टामस्करीचा अंदाज यावा. एकीला स्वर्गातली डुकराची चरबी म्हणतात, दुसरीला जोगिणीचे पोट. आवेइरू गावात बलक आणि साखरेचे मऊ सारण पातळ पापुद्र्यात भरून शिंपले, मासे, पिंपे असे आकार करतात, आणि तो पापुद्रा चर्चमध्ये प्रसादाला वापरतात त्याच जातीचा असतो. लिस्बनच्या बेलेंमधल्या ज्या पुडिंगभरल्या टार्टसाठी आज पर्यटक रांगा लावतात, तीही शेजारच्या मठातलीच पाककृती. मठ बंद झाले आणि 1837 साली तिथे तिचे दुकान उभे राहिले.

या मठबंदीची एक बाजू मला फार वेळ थांबवून गेली. 1834 मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले तेव्हा पुरुषांचे मठ एकदम बंद झाले. स्त्रियांच्या मठांना मात्र नव्या मुली घेण्याची मनाई करण्यात आली आणि शेवटची जोगीण जाईपर्यंत ते चालू ठेवण्यात आले. म्हणजे कित्येक दशके मोठमोठ्या दगडी इमारतींत म्हाताऱ्या होत जाणाऱ्या मोजक्या बायका, त्यांच्या मोलकरणी, आणि पोटापाण्यासाठी विकायला केलेली मिठाई. मठांच्या कृती बाहेर आल्या त्या बऱ्याचशा या उतरत्या काळात, या मोलकरणींच्या आणि मठांत राहून गेलेल्या बायकांच्या हातांनी. कोणाच्या मालकीची होती मग ती मिठाई? फोनवर ‘पोर्तुगीज’ असा एक शब्द येतो आणि एवढा सगळा पसारा त्याच्या पोटात गडप होतो.

सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, गोष्ट याहून नाट्यमय आहे. अयुथ्या ही तेव्हाची राजधानी, आणि तिथे सतराव्या शतकात मारिया ग्युयोमार द पिन्हा नावाची एक कॅथलिक स्त्री राहत होती. तिच्या रक्तात जपानी, पोर्तुगीज आणि बंगाली असे तिन्ही प्रवाह होते आणि वडिलांच्या बाजूने तिचे नाते आपल्या गोव्याशी पोहोचते. तिचा नवरा कॉन्स्टंटाइन फॉल्कन हा ग्रीक साहसी माणूस, राजा नाराईच्या दरबारात इतका वर चढला की त्याच्या शब्दावर फ्रान्सचे वकील येऊ-जाऊ लागले. 1688 मध्ये राजा मरणपंथाला लागला, सत्तापालट झाला आणि फॉल्कनचा शिरच्छेद करण्यात आला. मारिया पळून फ्रेंचांच्या आश्रयाला गेली. फ्रेंच सेनापतीने तिला परत नव्या सत्ताधाऱ्यांच्या हवाली केले. पुढची अनेक वर्षे दासी म्हणून काढताना ती राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पोहोचली आणि कालांतराने तिथली प्रमुख झाली. फॉय थाँग, थाँग यिप, थाँग योत या बलकाच्या सोनेरी मिठाया तिनेच थाई लोकांना दिल्या अशी तिकडची ठाम समजूत आहे. मला वैयक्तिकरीत्या ही समजूत थोडी सोयीची वाटते, कारण पोर्तुगीज अयुथ्येत 1511 पासून येत होते, तिथे त्यांची वस्ती होती, त्या वस्तीत घरे होती आणि घरांत चुली होत्या. दीडशे वर्षांत एकाही बाईने सणाला बलक पाकात सोडला नसेल, हे मला पटत नाही. पण लोकांना एक चेहरा हवा असतो, आणि या चेहऱ्यामागे इतके दुःख आहे की तो हिरावून घ्यावासाही वाटत नाही.

एक मात्र खरे, की पाकातला तंतू तिथे गेल्यावर थाई झाला. सोन्याच्या रंगामुळे तो शुभ ठरला, लग्नाच्या ताटात त्याला मान मिळाला, आणि लग्नात वाढताना तंतू तोडायचे नाहीत, लांब ठेवायचे, असा रिवाज पडला, का तर नवराबायकोचे नातेही तसेच लांबावे. जपानमध्ये याच पदार्थाची वेगळीच वाट झाली. तिथे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, 1639 मध्ये पोर्तुगीजांना हाकलून लावण्यात आले, त्यांच्या धर्माचे मागमूस शोधून शोधून पुसण्यात आले. त्यांच्या मिठाया मात्र लोकांनी ठेवून घेतल्या. फुकुओकामध्ये बलकाचे तंतू सरळ विंचरून, सारख्या लांबीचे कापून, नीट आयतांमध्ये रचतात आणि चहाबरोबर देतात. एका देशात ज्याला सुरी लावायची नाही, दुसऱ्यात त्याचे सौंदर्यच सुरीच्या रेघेत. मला या दोन्हींमध्ये पोर्तुगीज शोधावासा वाटेना.

पण माझ्या मनातली गाठ सुटली ती इतक्या दूर जाऊन नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका सहकारी मैत्रिणीच्या घरच्या लग्नासाठी मी केरळात तलश्शेरीला गेले होते. लग्नाच्या आदल्या दुपारी घराच्या मागच्या पडवीत बायकांचा राबता होता आणि तिथे मैत्रिणीची आत्या मुट्टमाला करत बसली होती. मलबारच्या मुसलमान घरांत लग्नाला आणि नव्या जावयाच्या सरबराईला ही अंड्याची माळ लागतेच. मी उंबऱ्याशी स्टूल टाकून पाहत बसले. उथळ, रुंद कढईत पाक खदखदत होता. आत्यांच्या हातात नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी होती, तिच्या डोळ्याच्या जागी बारीक छिद्र. दुसऱ्या हाताचे बोट छिद्रावर ठेवून त्यांनी करवंटीत बलक ओतून घेतला, बोट काढले, आणि मनगट न हलवता सगळा हात खांद्यापासून फिरवत कढईवर वर्तुळे काढायला सुरुवात केली. पाक फेसाळून काठाशी आला की शेजारची मुलगी गार पाण्याचा हबका मारी, फेस बसे, आत्या झाऱ्याने तो गुंता अलगद उचलून परातीत पसरवीत आणि ओल्या बोटांनी मोकळा करीत. सगळे काम गप्प चालले होते. वास साखरेचा होता, थोडा कच्च्या अंड्याचा, आणि मधूनच ओल्या सरपणाच्या धुराचा.

बलक संपला तेव्हा मला वाटले, झाले. पण खरी गंमत त्यानंतर होती. बाजूला ठेवलेले भले मोठे पातेले आत्यांनी पुढे ओढले, त्यात सगळा पांढरा भाग होता. कढईत उरलेला पाक, ज्यात एव्हाना बलकाचे तुटके कण आणि त्याचा सगळा स्वाद उतरलेला होता, तो निवल्यावर त्यांनी त्या पांढऱ्यात मिसळला, वेलदोड्याची पूड टाकली, थोडी दूधपावडर घातली आणि घोटून घोटून ते मिश्रण तूप लावलेल्या थाळीत ओतून वाफवायला ठेवले. उकडून झाल्यावर ते खरवसासारखे थरथरत होते. त्याच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या कापल्या, ताटात मधोमध पिवळ्या तंतूंचा ढीग आणि भोवती या पांढऱ्या वड्या. त्या वड्यांना पिंजनत्तप्पम म्हणतात. मला तंतूंपेक्षा त्याच अधिक आवडल्या. तंतूंची गोडी अंगावर येते, वडीची जिभेवर रेंगाळते. आत्यांना मी खुणेने तसे सांगितले तर त्यांनी माझ्या बशीत आणखी दोन वड्या घातल्या आणि मल्याळममध्ये काहीतरी म्हटले. मैत्रिणीने अर्थ सांगितला, ‘म्हणतेय, पाहुणे पिवळं मागतात, घरचे पांढरं.’

फोनवाल्या गृहस्थांचा निकाल मला का खटकला, हे या वड्या आठवल्यावर उमगले. बलकाचा तंतू कुठून आला हे विचारले की बोट पोर्तुगालकडेच जाणार. अभ्यासकही मुट्टमालेचा धागा तिकडे नेतात. पण तो पदार्थ त्या घरचा झाला की नाही हे जाणून घ्यायचे असेल तर पांढऱ्याचे काय झाले ते विचारावे. उसना आणलेला पदार्थ माणसे जसाच्या तसा करतात आणि उरलेल्याकडे बघत नाहीत. ज्या स्वयंपाकघरात उरलेल्याचीही सोय लागते, त्याला जोडीदार मिळतो, त्याचे नाव पडते, ताटातली जागा ठरते, तिथे तो मुक्कामाला आलेला असतो. ‘स्वतःचं काही नाही’ हे म्हणायला सोपे आहे, कारण फोनमध्ये पदार्थाचा उगम लिहिलेला असतो, त्या दुपारचा पाक लिहिलेला नसतो.

मलबारच्या बाबतीत तर हे घर करणे अधिकच चकित करणारे आहे. वास्को द गामा कोळिकोडच्या किनाऱ्याला 1498 मध्ये लागला आणि चारच वर्षांनी दुसऱ्या फेरीत त्याने हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज बायकामुलांसकट जाळले. मलबारच्या मुसलमान दर्यावर्दींनी पुढे शतकभर पोर्तुगीजांशी झुंज दिली. त्यांच्या आरमाराचा शेवटचा प्रमुख, कुंजाली मरक्कार, 1600 साली गोव्यात नेऊन मारला गेला. ज्यांच्याशी इतके हाडवैर, त्यांच्या मुदपाकखान्यातली मिठाई याच समाजाच्या लग्नात नवरदेवापुढे यावी! ती कोणत्या वाटेने आली असेल, कोणत्या दुभाष्याच्या, दाईच्या, व्यापाऱ्याच्या घरातून, याचा विचार करताना मला हटकून बायकाच दिसतात. लढाया करणाऱ्यांनी पाककृती विचारून घेतल्या नसणार.

गोव्याकडे वळल्याशिवाय हा विषय मला पुरा करता येत नाही, कारण आपल्यातल्या बहुतेकांची बलकाच्या मिठाईशी पहिली ओळख बेबिंकनेच होते. गोव्याहून परतणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत काजूंच्या शेजारी ती चौकोनी पाकिटातली असतेच, आणि ती खाऊन ‘जरा तेलकट आहे नाही?’ असे म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही, कारण पाकिटातली असतेच तशी. खरी बेबिंक म्हणजे नारळाचा दाट रस, बलक, साखर, थोडा मैदा, जायफळ, आणि दोन थरांच्या मध्ये तूप. एक थर ओतायचा, झाकणावर सोडणाचे निखारे ठेवून वरून भाजायचा, त्याला तपकिरी डाग पडले की दुसरा. वरून आच देण्याची ही रीत आणि ते निखारे गोव्यातले. बलकाची सढळ उधळण पोर्तुगीज. नारळाच्या रसाला तर विचारायलाच नको. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या एका जोगिणीने ती पहिल्यांदा केली आणि लिस्बनच्या सात टेकड्यांसाठी सात थर घातले, अशी दंतकथा सांगतात. दंतकथा म्हणून ती गोड आहे, पण पुन्हा तेच, एक नाव, एक दिवस, एक मठ. 2023 मध्ये बेबिंकला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा ती गोव्याची असल्याचे सरकारदरबारी मान्य झाले, आणि लिस्बनहून कोणी आक्षेप घ्यायला आल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. मला त्याचा आनंद झाला खरा, पण दिवसभर चुलीशी बसून थरावर थर भाजणाऱ्या बायका जसजशा कमी होतील तसतसे या मानांकनाखाली पाकिटातलीच बेबिंक खपत राहील, ही धाकधूकही त्याच आनंदात मिसळलेली आहे.

आणि आपले काय? त्या गृहस्थांचा एकादशीचा उपवास कडक असतो हे मला ठाऊक आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो ब्राझीलकडचा, शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले, बटाटा अँडीजच्या डोंगरांतला, हिरवी मिरची मेक्सिकोच्या बाजूची. कांदा-लसूण वर्ज्य मानणाऱ्या ताटात अर्धी अधिक सामग्री सातासमुद्रापलीकडची, आणि त्यातले बरेचसे आले तेही पोर्तुगीजांच्याच जहाजांतून. पण साबुदाण्याच्या खिचडीला कोणी ‘तुमचं स्वतःचं काही नाही’ म्हटले तर आपण काय म्हणू? दाणा किती भिजवावा, पाणी किती ठेवावे, कूट कधी घालावे यावर घरोघर पिढ्यान्‌पिढ्या झालेली भांडणे आपण पुराव्यादाखल पुढे करू, आणि ते योग्यच होईल.

हे सगळे लिहिताना एका गोष्टीने मात्र मी अस्वस्थ होते. मिठाई फिरली, मिसळली, रुजली, असे म्हणताना शब्द फार गुळगुळीत होतात. ज्या साखरेने मठांची कोठारे भरली ती मदेरात आणि ब्राझीलमध्ये गुलामांच्या पाठीवर पिकली. मारिया मुदपाकखान्यात गेली ती हौसेने नव्हे. गोव्यात ज्या सत्तेने सांता मोनिकाच्या भिंती बांधल्या तिनेच तिथे धर्मन्यायालय बसवले होते. पाककृतींच्या प्रवासाचे कौतुक करणाऱ्या लेखांत हा भाग एखाद्या वाक्यात उरकलेला असतो, आणि मीही इथे तेच करते आहे, कारण या गोष्टी त्या केशरी लडीत कुठे धरून दाखवाव्यात हे मला जमत नाही. त्यामुळे ती खाल्लीच जाऊ नये असेही मला वाटत नाही. दोन्ही भावना मनात शेजारी शेजारी राहतात.

सध्या आमच्या घरी एक वेगळाच पेच आहे. धाकटा भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आला आहे आणि व्यायामशाळेच्या नादाने रोज सकाळी अंड्यांच्या नुसत्या पांढऱ्याचे ऑम्लेट खातो. बलक वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवतो आणि ‘मावशी, याचं काहीतरी कर, फेकू नकोस’ असे सांगून निघून जातो. जोगिणींचा प्रश्न आमच्या ओट्यावर तसाच्या तसा येऊन बसलेला आहे. गेल्या आठवड्यात करवंटी शोधली, ती घासून तिच्या डोळ्याला छिद्र पाडले, आणि उभ्या उभ्या एकतारीहून जरा पुढे गेलेल्या पाकावर धार सोडली. तंतू थोडे जाड झाले, दोन ठिकाणी गोळा बसला, पण रंग सुरेख आला. लड बशीत सरकवणाऱ्या आमच्या मावशीही त्या दिवशी आल्या होत्या. बशी पुढे केल्यावर त्यांनी मान हलवली आणि भाच्याला म्हणाल्या, ‘तू खा रे. तुझीच अंडी आहेत.’ त्याने एक तंतू तोंडात घातला आणि लगेच विचारले, साखर किती घातली आहेस? मी पातेल्याकडे बोट दाखवले. त्याने पातेले पाहिले, मग बशी पाहिली, आणि आतून काटा घेऊन आला.